टॅबलेटवरील लघुसंदेश सेवा

टॅबलेटवरील लघुसंदेश सेवा म्हणजे टॅबलेट संगणकावरून मोबाइल क्रमांकांना मजकुरी संदेश पाठवण्याच्या आणि त्यांच्याकडून आलेले संदेश वाचण्याच्या विविध पद्धती होत. लघुसंदेश, अर्थात एसएमएस, ही मोबाइल दूरध्वनी जाळ्याची सेवा आहे. असा संदेश व्यक्तीच्या नावावर किंवा विशिष्ट उपकरणावर नव्हे, तर सिमकार्डाशी जोडलेल्या क्रमांकावर पोहोचतो. अनेक टॅबलेटमध्ये सिमकार्डाची सोय नसते. काहींमध्ये ती असली तरी सिमचा वापर केवळ इंटरनेटपुरता मर्यादित असतो. त्यामुळे टॅबलेटवर लघुसंदेश मिळवण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत : टॅबलेटमधील सिमकार्डावरून थेट संदेशवहन, जवळच्या स्मार्टफोनवरील संदेश टॅबलेटवर आणणे, आणि लघुसंदेशाऐवजी इंटरनेटवर चालणारी संदेश सेवा वापरणे. हे तिन्ही मार्ग वापरकर्त्याला पडद्यावर सारखेच दिसत असले तरी त्यांचे तंत्र, खर्च, गोपनीयता आणि उपयुक्तता यांत मोठा फरक आहे. बँक व्यवहार आणि शासकीय सेवांसाठी मोबाइल क्रमांकावर येणारा एकवेळचा परवलीचा अंक (ओटीपी) अनेक ठिकाणी आवश्यक असल्यामुळे भारतात हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

लघुसंदेशाची कल्पना टॅबलेट संगणकांच्या प्रसारापेक्षा बरीच जुनी आहे. युरोपात जीएसएम या मोबाइल प्रणालीची आखणी सुरू असताना १९८०च्या दशकाच्या मध्यास फ्रेडहेल्म हिलेब्रांड आणि बर्नार्ड गिलेबेर या अभियंत्यांनी तिची रूपरेषा मांडली. फोन आणि जाळे यांच्यात नियंत्रणाचे संकेत वाहून नेणारा मार्ग बराच काळ रिकामा असतो. त्याच मार्गाने छोटा मजकूर पाठवावा, असा त्यामागील विचार होता. या मार्गावर बसेल एवढाच मजकूर पाठवता येणार असल्याने संदेशाची लांबी १६० अक्षरांपुरती मर्यादित राहिली. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या अभियंत्याने ब्रिटनमधील व्होडाफोनच्या जाळ्यावरून नाताळच्या शुभेच्छांचा पहिला लघुसंदेश पाठवला. विशेष म्हणजे तो फोनवरून नव्हे, तर संगणकावरून पाठवण्यात आला होता.

टॅबलेट संगणकांचा व्यापक प्रसार २०१० मध्ये सुरू झाला. त्या वर्षी ॲपलचा आयपॅड बाजारात आला. वाय-फाय आवृत्तीपाठोपाठ त्याची ३जी आवृत्तीही विक्रीस आली. मात्र तिच्यातील सिमकार्ड इंटरनेटसाठीच होते आणि तीवरून दूरध्वनी कॉल किंवा लघुसंदेश पाठवता येत नव्हते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बर्लिन येथील आयएफए प्रदर्शनात सादर झालेल्या सॅमसंग गॅलेक्सी टॅबने दुसरी वाट धरली. सात इंची पडद्याच्या या अँड्रॉइड टॅबलेटमध्ये सिमकार्ड घालून फोनप्रमाणे बोलता येत होते आणि संदेशही पाठवता येत होते. अमेरिकेतील सेवा पुरवठादारांनी विकलेल्या आवृत्तीत मात्र कॉलची सोय ठेवलेली नव्हती. टॅबलेट हा मोठा फोन मानावा की छोटा संगणक, याविषयीचा हा मतभेद आजही उत्पादकांच्या धोरणांत दिसतो.

भारतात ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ हा अल्पदरातील टॅबलेट विद्यार्थ्यांसाठी सादर करण्यात आला. त्याच्या शासकीय आवृत्तीत वाय-फायची जोडणी होती, तर बाजारात विकल्या जाणाऱ्या ‘युबीस्लेट’ आवृत्तीत मोबाइल जाळ्यावरून इंटरनेट वापरण्यासाठी सिमकार्डाची सोय करण्यात आली.

कार्यपद्धती

पाठवलेला लघुसंदेश थेट दुसऱ्या फोनवर जात नाही. तो प्रथम सेवा पुरवठादाराच्या लघुसंदेश केंद्रात साठवला जातो. संदेश ज्या क्रमांकाचा आहे, त्याचे सिमकार्ड त्या वेळी कोणत्या जाळ्यात नोंदलेले आहे याची चौकशी करून केंद्र तो पुढे धाडते. उपकरण बंद असल्यास किंवा संपर्कक्षेत्राबाहेर असल्यास केंद्र ठरावीक मुदतीपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. त्यामुळे लघुसंदेशासाठी इंटरनेट जोडणीची गरज नसते. मात्र जाळ्यात नोंदणी झालेले सिमकार्ड अनिवार्य असते. केवळ वाय-फायवर चालणारा टॅबलेट या व्यवस्थेच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो, कारण संदेश कोठे पोहोचवायचा याची कोणतीही नोंद त्याच्या नावे नसते.

चौथ्या पिढीचे एलटीई जाळे मुळात केवळ डेटासाठी आखलेले असल्याने त्यावर लघुसंदेश पोहोचवण्यासाठी वेगळ्या व्यवस्था कराव्या लागल्या. एका पद्धतीत संदेश जुन्या जाळ्याच्या यंत्रणेतून एलटीईच्या नियंत्रण-संकेतांवर आणला जातो, तर दुसऱ्या पद्धतीत तो आयएमएस या इंटरनेट प्रणालीवर आधारलेल्या व्यवस्थेतून जातो. कॉलची सोय नसलेल्या उपकरणाला ‘केवळ लघुसंदेश’ अशी नोंदणी करण्याचीही तरतूद मानकांत आहे. म्हणजेच टॅबलेटवर लघुसंदेश न येण्याचे कारण नेहमी तांत्रिक अशक्यता हेच नसते. उत्पादकाने संबंधित सोय दिली आहे का आणि सेवा पुरवठादाराने त्या सिमकार्डाच्या योजनेत लघुसंदेश समाविष्ट केले आहेत का, यावर ते अवलंबून असते.

टॅबलेटचे प्रकार आणि सेवेची उपलब्धता

केवळ वाय-फाय असलेले टॅबलेट : यांत सिमकार्डाची खाच नसते. लघुसंदेशाचे ॲप बसवले तरी त्यावरून थेट संदेश पाठवता येत नाही. अँड्रॉइड प्रणालीत उपकरणामध्ये दूरध्वनीची सोय आहे की नाही हे ॲपला तपासता येते.

दूरध्वनी सुविधेसह सिम असलेले टॅबलेट : अनेक अँड्रॉइड टॅबलेट या गटात मोडतात. त्यांत फोनप्रमाणेच संदेशांचे ॲप असते आणि सिमकार्डाच्या क्रमांकावरून संदेश पाठवता व स्वीकारता येतात. २०१३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.४ आवृत्तीपासून एका वेळी एकच ॲप लघुसंदेशांचे ‘मूलभूत ॲप’ म्हणून निवडावे लागते. आलेल्या संदेशांच्या साठ्यात बदल करण्याचा अधिकार त्याच ॲपला असतो.

केवळ डेटासाठी सिम असलेले टॅबलेट : सेल्युलर आयपॅड हे याचे ठळक उदाहरण होय. अशा सिमकार्डालाही क्रमांक असतो, परंतु त्या क्रमांकावर इतरांशी लघुसंदेशांची देवाणघेवाण करण्याची सोय वापरकर्त्याला मिळत नाही. काही नव्या आयपॅडमध्ये भौतिक सिमकार्डाऐवजी केवळ ई-सिम असते. त्यामुळे फोनमधील सिम काढून टॅबलेटमध्ये घालण्याचा पर्यायही उरत नाही.

फोनवरील संदेश टॅबलेटवर आणणे

स्वतःचा क्रमांक नसलेल्या टॅबलेटला फोनच्या क्रमांकाचा आधार घेता येतो. या पद्धतीत संदेश प्रत्यक्षात फोनमधील सिमकार्डावरच येतो व तेथूनच जातो; टॅबलेट हा केवळ दुसरा पडदा ठरतो.

ॲपलने ही सोय ऑक्टोबर २०१४ मध्ये आयओएस ८.१ आवृत्तीद्वारे उपलब्ध करून दिली. आयफोन आणि आयपॅड एकाच ॲपल खात्याशी जोडलेले असल्यास आयफोनच्या सेटिंगमध्ये संदेश पुढे पाठवण्यासाठी आयपॅडची निवड करता येते. त्यानंतर आयफोनवर आलेला लघुसंदेश इंटरनेटमार्गे आयपॅडवर दिसतो आणि आयपॅडवर लिहिलेले उत्तर आयफोनच्या क्रमांकावरून रवाना होते. दोन्ही उपकरणे एकाच खोलीत असण्याची गरज नसते; मात्र आयफोन सुरू आणि इंटरनेटला जोडलेला असावा लागतो.

अँड्रॉइडवर गूगल मेसेजेस या ॲपमध्ये अशीच जोडणी करता येते. २०१८ मध्ये या ॲपची ब्राउझरवर चालणारी आवृत्ती आली. तीत पडद्यावरील क्यूआर संकेत फोनने टिपून दोन उपकरणे जोडली जात. पुढे टॅबलेटवरील ॲपमध्येही फोनशी जोडणीची सोय आली. सॅमसंगच्या फोन आणि टॅबलेटसाठी एकाच सॅमसंग खात्यावरून कॉल व संदेश इतर उपकरणांवर घेण्याची स्वतंत्र सुविधा आहे.

या सर्व पद्धतींची मर्यादा समान आहे. फोनची बॅटरी संपली, तो हरवला किंवा त्याचे इंटरनेट बंद पडले, तर नवे लघुसंदेश टॅबलेटपर्यंत पोहोचत नाहीत. फोन नादुरुस्त झाल्यावर टॅबलेट पर्याय म्हणून वापरता येईल, ही अपेक्षा त्यामुळे पूर्ण होत नाही.

अमेरिकेतील गूगल व्हॉइससारख्या काही सेवा इंटरनेटवरच क्रमांक उपलब्ध करून देतात. असा क्रमांक सिमकार्डाशी बांधलेला नसल्यामुळे वाय-फाय टॅबलेटवरही त्यावरून लघुसंदेश पाठवता येतात. काही बँका आणि संकेतस्थळे मात्र ओळख पटवण्यासाठी असे क्रमांक स्वीकारत नाहीत.

इंटरनेटवर आधारित संदेश सेवा

टॅबलेटवर ‘संदेश’ या नावाने जे दिसते ते अनेकदा लघुसंदेश नसतेच. ऑक्टोबर २०११ मध्ये आयओएस ५ सोबत आलेली ॲपलची आयमेसेज सेवा इंटरनेटवरून चालते आणि तिच्यासाठी मोबाइल क्रमांकाऐवजी ईमेल पत्ताही चालतो. त्यामुळे वाय-फाय आयपॅडवरून दुसऱ्या ॲपल वापरकर्त्याला संदेश जातो, पण अँड्रॉइड फोनच्या क्रमांकावर लघुसंदेश जात नाही. ॲपलच्या ॲपमध्ये आयमेसेज निळ्या आणि लघुसंदेश हिरव्या चौकटीत दाखवण्याची पद्धत या भेदावर आधारलेली आहे.

या मिश्रणातून एक अडचणही उद्भवली. आयफोन सोडून दुसऱ्या कंपनीचा फोन घेतलेल्या व्यक्तींचा क्रमांक आयमेसेजच्या नोंदीत तसाच राहत असे. त्यांना इतर आयफोनवरून पाठवलेले संदेश लघुसंदेश म्हणून न जाता आयमेसेज म्हणून रवाना होत आणि नव्या फोनवर पोहोचतच नसत. जुन्या खात्याशी जोडलेला आयपॅड घरात असल्यास असे संदेश त्यावर दिसत राहण्याची शक्यता असे. नोव्हेंबर २०१४ मध्ये ॲपलने अशा क्रमांकांची नोंद रद्द करण्याची सोय संकेतस्थळावर दिली.

व्हॉट्सॲपची नोंदणी मोबाइल क्रमांकावर होते, परंतु संदेशवहन इंटरनेटवरून चालते. प्रारंभी मुख्य फोन चालू असल्याशिवाय दुसऱ्या उपकरणावर ते वापरता येत नसे. २०२१ मध्ये चाचणी सुरू झालेल्या बहु-उपकरण पद्धतीमुळे मुख्य फोनशिवाय जास्तीत जास्त चार जोडलेली उपकरणे स्वतंत्रपणे संदेश घेऊ लागली. आयपॅडसाठीचे व्हॉट्सॲप मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

लघुसंदेशाची पुढची पायरी मानली जाणारी आरसीएस सेवा इंटरनेटवरून चालत असली तरी ती मोबाइल क्रमांकाशीच जोडलेली आहे. ॲपलने सप्टेंबर २०२४ मध्ये आयओएस १८ आवृत्तीत तिचा समावेश केला.

देवनागरी लिपीतील संदेश

लघुसंदेशाची क्षमता १४० बाइट असते. रोमन अक्षरांसाठी जीएसएमच्या मूळ संचात प्रत्येक अक्षराला सात बिट लागतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरी लिपी या संचात नसल्याने मराठी संदेश सामान्यतः प्रत्येक चिन्हाला १६ बिट घेणाऱ्या युनिकोड संकेतनात पाठवला जातो आणि मर्यादा ७० चिन्हांवर येते. संदेश त्यापेक्षा लांब असल्यास त्याचे भाग पाडून ते पुन्हा जोडण्याची माहिती प्रत्येक भागात घालावी लागते; त्यामुळे एका भागात युनिकोडची ६७, तर रोमन संचातील १५३ चिन्हे मावतात. परिणामी १५० चिन्हांचा रोमन संदेश एका लघुसंदेशात जातो, तर तेवढ्याच चिन्हांच्या मराठी संदेशाचे तीन लघुसंदेश होतात.

ही मोजणी डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नसून युनिकोड चिन्हांची असते. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातील हलन्त हे प्रत्येकी स्वतंत्र चिन्ह धरले जाते. ‘क्षेत्र’ या दोन अक्षरी शब्दाला सात, तर ‘महाराष्ट्र’ या शब्दाला दहा चिन्हे लागतात.

टॅबलेटवर लिहिताना आणखी एक बाब लक्षात येते. मोठ्या कळफलकामुळे संदेश लांब लिहिले जातात; शिवाय काही टॅबलेट साध्या अवतरणचिन्हांच्या जागी आपोआप वक्र अवतरणचिन्हे घालतात. असे एक चिन्ह किंवा एक इमोजी आल्यासही संपूर्ण रोमन संदेश युनिकोडमध्ये रूपांतरित होऊन ७० चिन्हांच्या मर्यादेत येऊ शकतो. प्रति संदेश आकारणी असलेल्या योजनेत त्याचा खर्च वाढतो.

या अडचणीवर उपाय म्हणून मोबाइल मानकांत विविध भाषांसाठी सात बिटांची राष्ट्रीय भाषा कोष्टके समाविष्ट करण्यात आली. त्यांत बंगाली, गुजराती, हिंदी, कन्नड, मल्याळम, ओडिया, पंजाबी, तमिळ, तेलुगू आणि उर्दू यांची कोष्टके आहेत. मराठीसाठी स्वतंत्र कोष्टक नाही. ही कोष्टके उपयोगी पडण्यासाठी पाठवणाऱ्या व स्वीकारणाऱ्या अशा दोन्ही उपकरणांत त्यांची सोय असावी लागते. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६३३३ (भाग ३) या मानकाने मोबाइल फोनवर भारतीय भाषांतील संदेश वाचता येण्याची अट घातली आहे.

भारतातील महत्त्व

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार ऑगस्ट २००९ पासून कार्ड समोर नसताना होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांसाठी अतिरिक्त प्रमाणीकरण बंधनकारक झाले. त्यासाठी नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर ओटीपी पाठवण्याची पद्धत रूढ झाली. पुढे आधार क्रमांकावर आधारित ओळख पडताळणीतही तीच पद्धत आली. त्यामुळे टॅबलेटवर अर्ज भरणाऱ्या किंवा खरेदी करणाऱ्या व्यक्तीला अखेरच्या टप्प्यावर फोनची गरज पडते.

यूपीआय व्यवहारांत ही अट अधिक कडक आहे. ॲपची नोंदणी करताना बँकेत नोंदवलेल्या क्रमांकावरून, त्याच उपकरणातून एक लघुसंदेश पाठवला जातो आणि त्यावरून उपकरण व क्रमांक यांची सांगड घातली जाते. येथे संदेश येण्याऐवजी जाणे आवश्यक असल्याने फोनवरील संदेश केवळ टॅबलेटवर दिसणे पुरेसे ठरत नाही. मोबाइल क्रमांक न बदलता सेवा पुरवठादार बदलण्यासाठी १९०० या क्रमांकावर पाठवावा लागणारा संदेशही संबंधित सिमकार्डावरूनच जावा लागतो.

शिक्षणक्षेत्रात या प्रश्नाला सामाजिक बाजू आहे. महाराष्ट्रात ‘महाज्योती’ या नागपूरस्थित संस्थेमार्फत इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी टॅबलेट आणि इंटरनेट डेटा मोफत दिला जातो. अभ्यास टॅबलेटवर होत असला तरी महाडीबीटी संकेतस्थळावरील आधार-आधारित पडताळणीसारख्या कामांत ओटीपी आधारशी जोडलेल्या क्रमांकावर येतो. तो क्रमांक पालकांचा असेल आणि पालक कामावर किंवा परगावी असतील, तर विद्यार्थ्याला अर्जाच्या वेळी त्यांच्याशी संपर्क साधावा लागतो. कुटुंबात एकच फोन असल्यास, किंवा आधारशी जोडलेला जुना क्रमांक बंद पडला असल्यास, टॅबलेट आणि इंटरनेट हाताशी असूनही अर्ज अडकतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने इंटरनेटवरील संदेश ॲपनाही नोंदणीच्या सिमकार्डाशी सतत जोडलेले राहण्याचे निर्देश दिले. ब्राउझरवरील जोडणी ठरावीक काळाने आपोआप तोडण्याची अटही त्यांत होती. क्रमांकाशिवाय चालणाऱ्या उपकरणांच्या वापरकर्त्यांवर अशा निर्देशांचा थेट परिणाम होतो.

सुरक्षा आणि गोपनीयता

लघुसंदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतो. सेवा पुरवठादाराच्या यंत्रणेत तो वाचता येण्याजोगा असतो. आयमेसेज आणि व्हॉट्सॲपवरील संदेश तसे कूटबद्ध असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत मोबाइल जाळ्यावरून पाठवलेल्या ओटीपीला ‘मर्यादित’ वर्गात टाकले. भारतात रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या निर्देशांत लघुसंदेशावरील ओटीपीशिवाय अन्य प्रमाणीकरण पद्धतींना वाव दिला आहे.

टॅबलेटच्या बाबतीत आणखी एक जोखीम असते. फोन बहुधा एका व्यक्तीजवळ राहतो, तर टॅबलेट अनेकदा घरातील सर्वांच्या वापरात असतो. फोनवरील संदेश टॅबलेटवरही दिसत असल्यास बँकेचा ओटीपी कुलूपबंद पडद्यावरील सूचनेत कोणालाही वाचता येतो. त्यामुळे सूचनांतील मजकूर लपवणे, जोडलेल्या उपकरणांची यादी वेळोवेळी तपासणे आणि टॅबलेट विकण्यापूर्वी किंवा दुरुस्तीस देण्यापूर्वी जोडणी तोडणे हे उपाय सुचवले जातात. दुसऱ्याचा फोन क्षणभर हाती घेऊन क्यूआर संकेताद्वारे आपले उपकरण जोडणे आणि त्याचे संदेश चोरून वाचणे, हा गैरप्रकारही याच सोयीतून शक्य होतो.

सुगम्यता

मोठा पडदा आणि ठळक अक्षरे यांमुळे दृष्टी मंदावलेल्या ज्येष्ठ व्यक्तींना फोनपेक्षा टॅबलेटवर संदेश वाचणे सोपे जाते. अँड्रॉइडमधील टॉकबॅक आणि आयपॅडमधील व्हॉइसओव्हर या सुविधा पडद्यावरील मजकूर वाचून दाखवतात. गूगलच्या वाचनयंत्रणेत मराठी आवाज उपलब्ध आहे. जीबोर्डसारख्या कळफलकांवर मराठी मजकूर देवनागरी कळांनी, रोमन अक्षरांतून लिप्यंतराने किंवा बोलून लिहिता येतो. कर्णबधिर व्यक्तींसाठी मजकुरी संदेश हे कॉलला पर्यायी असे संपर्काचे साधन आहे. अशा वापरकर्त्यांसाठी टॅबलेटला स्वतःचा क्रमांक असणे किंवा नसणे हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

हेही पाहा

लघुसंदेश सेवा
टॅबलेट संगणक
सिमकार्ड
एकवेळचा परवलीचा अंक
युनिकोड
एकीकृत देयक प्रणाली (यूपीआय)